खळ

घर क्रमांक, भागिले, पुन्हा भागिले.
घणसोली गावठाणात पत्ता असा अपूर्णांकात असतो.
मी खात्याच्या नोटिसा चिकटवतो, एकोणीस वर्षं.
डबा, ब्रश, रजिस्टर, आणि आता मोबाइल:
चिकटवल्याचा फोटो लागतो, अक्षांश-रेखांशासकट.

चांगुणाबाय तांडेल यांच्या दारावर ही चौथी.
पहिली वाऱ्यानं नेली, दुसरी बकरीनं.
तिसरी अजून आहे, तिच्यावर नातवानं
खडूनं होडी काढली आहे.

खळ संपली होती.
तिनंच आतून आणून दिली, भाताची, कोमट,
स्टीलच्या वाटीत.
"लाव बाला. तुमची खल पाच दिसान सुटतं.
ही नाय सुटाची."

मालकीचा पुरावा विहित मुदतीत सादर करावा,
असं नोटिशीत असतं.
तिनं हात केला खाडीकडे, म्हणजे
आता जिथं काचेची इमारत आहे तिकडे.
आजेसासऱ्यानं तिथं चिखलाचा बांध घातला,
उघाडी बसवली, तीन वर्षं मीठ धुऊन काढलं,
तेव्हा कुठं राता तांदूळ धरला.
समुद्राकडून घेतलेली जमीन.
समुद्रानं सातबारा दिला नाही,
पण हरकतही घेतली नाही. दिवसातून दोनदा यायचा,
बांधाला हात लावून परत जायचा.

सार्वजनिक प्रयोजन त्यानंतर आलं.
ते परत गेलं नाही.

प्रयोजन म्हणजे काय, असं मी नवा असताना
कुळथेसाहेबांना विचारलं होतं.
ते म्हणाले, ज्याची निविदा निघते ते.

मग एक तारीख असते.
तारखेआधीचं घर ते घर, नंतरचं गुन्हा.
निवडणूक आली की तारीख थोडी पुढे सरकते
आणि एका रात्रीत कितीतरी गुन्हे
घरं होऊन उठतात, चहा टाकतात.
चौकात आभाराचा फलक लागतो.
घेणारेच देणारे होऊन हात जोडतात,
अर्ध्या तळ्याएवढ्या फोटोत.
भिंत तीच. एक वीटसुद्धा हललेली नसते.

मी तिच्या बाजूनं बोलतोय असं वाटेल.
तर हेही लिहून ठेवतो:
तिच्या वैकुंठनं चार मजले चढवलेत, बारा खोल्या भाड्यानं,
आणि तिसऱ्या मजल्याची गॅलरी
शेजारच्या स्वयंपाकघरावर बसली आहे.
तिथं भर दुपारी ट्यूब लावून भाकऱ्या थापतात.
अर्जदार: रोहिदास तांडेल. सख्खा पुतण्या.
उजेड कोणाच्या मालकीचा,
याला माझ्या रजिस्टरात रकाना नाही.
पूर्वी म्हणे भांडण बांधावर व्हायचं
आणि बांधावरच मिटायचं,
चार पंच, एक जिताडा, संध्याकाळपर्यंत.
आता दोघंही आमच्या खिडकीशी येतात,
वेगवेगळ्या वारी.

रात्री मी कपाट उघडून माझा करारनामा काढला.
नेरूळ, दुसरा मजला, दीड खोली, हप्ते अजून सात वर्षं.
मालक हा शब्द शोधत गेलो.
सापडला. महामंडळाच्या नावापुढे.
माझ्या नावापुढे साठ वर्षांचा पट्टा,
त्यातली चौतीस मी यायच्या आत बाहेर
कुठं कुठं उलटून गेलेली.
बायको म्हणाली, बरं आहे की,
ऑफिसात पट्टेवाला, घरी पट्टेदार.
हसलो. मग बराच वेळ झोप नाही.

फोटो नामंजूर झाला, कोपऱ्यात
वाटी धरलेला हात आला म्हणून.
आणि ती वाटी चुकून माझ्या डब्यात आली.
मुलीनं घासून पालथी ठेवली तेव्हा दिसलं:
बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं,
चां. ल. तांडेल. साल एकोणसत्तर.
साक्षीदार नाही, शिक्का नाही, मुदत नाही.

सोमवारी देईन परत.
जायचंच आहे. पाचवी निघाली आहे.